एका पायाचा मालक

आई माझ्या निऱ्या खोचत होती आणि तोंडानं आप्पांचा उद्धार चालला होता.

“श्रीखंड आणतो म्हणून गेलेत. दुकान कोपऱ्यावर. जेवण झाल्या झाल्या गेलेला माणूस अजून येत नाही म्हणजे काय? चक्का स्वतः टांगताहेत की काय?”

“येतील गं.”

“येतील. पाचपर्यंत येतील. लग्न झाल्यापासून पाचपर्यंतच येत आलेत.”

आणि पाचलाच कराडहून जगदाळे मंडळी मला बघायला येणार होती. मुलगा साखर कारखान्यात इंजिनिअर, नाव उदय. त्याला मी मावशीकडे दोन-तीनदा पाहिलं होतं. समोरचा बोलत असला की तो शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा. आमच्या घरात कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही, त्यामुळं मला ते फार आवडलं होतं. मी मनातून कधीच होकार देऊन बसले होते, हे आईला न सांगताच कळलं होतं. म्हणून तर स्वतःची जांभळी नारायणपेठ तिनं मला नेसायला काढली होती.

अडचण एकच होती. उदयचे वडील निवृत्त हेडमास्तर. मावशीनं बजावलं होतं, “त्यांच्या घरात पत्त्याचा डावसुद्धा मांडत नाहीत. आप्पांच्या घोडीचं नाव काढू नका.”

आमच्या आप्पांची एक घोडी होती. खरं सांगायचं तर एक पाय होता. रास्ता पेठेत आमचं चष्म्याचं दुकान. शेजारच्या जिन्यावर दातांचे डॉक्टर चौबळ. या दोघांनी आणखी दोन मित्रांना गाठून चौघांत मिळून शर्यतीची एक घोडी घेतली होती, प्रत्येकाचा एकेक पाय. आप्पांच्या वाट्याला मागचा डावा आला होता. ती लंगडली की चौबळ डॉक्टर दुकानात डोकावून म्हणायचे, “दळवी, तुमचाच पाय दिसतोय.”

घोडीचं बारसं आप्पांनी केलं होतं. रेसला निघताना ते आईला दर वेळी एकच वाक्य सांगायचे, ‘पाचपर्यंत येतो.’ तेच त्यांनी इंग्रजीत करून दिलं. बॅक बाय फाइव्ह. नावात फाइव्ह असलं तरी ती पाचांत कधी आली नव्हती. एकदा सुटायच्या वेळी फाटक उघडलं तरी जागची हलली नाही. एकदा सगळ्यांच्या पुढं होती, तर वळणावर लोकांचा आरडाओरडा ऐकून बघायला थांबल्यासारखी हळू झाली. आप्पा अशा दिवशी येताना भाजलेली कणसं घेऊन यायचे आणि अगदी आनंदात म्हणायचे, “आज दिसत मात्र फार छान होती.” पैसे त्यांनी तिच्यावर कधी लावले नाहीत. घरच्या माणसावर पैसे लावत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना फक्त एक हवं होतं. घोडी जिंकली की तिच्या मालकानं मैदानात जाऊन तिचा लगाम धरायचा आणि सगळ्यांच्या समोरून तिला चालवत आत आणायची, अशी तिथली रीत आहे. चौघांनी ठरवूनच टाकलं होतं की पहिल्यांदा जिंकेल तेव्हा लगाम आप्पांच्या हातात. आप्पा कधी कधी दुकान बंद करताना माझ्याकडं बघून नुसतेच म्हणायचे, “उजव्या हातात धरायचा. आणि घाई करायची नाही.” मला वाटतं, ते मनातल्या मनात कितीदा तरी चालून आले होते.

“मला गंडवलंन,” आई एकदम म्हणाली. तिच्या हातातली निरी सुटली.

“काय झालं?”

“मी मघाशी मुद्दाम दारात बघितलं. बूट जागच्या जागी. म्हटलं, चपला घालून गेलेत म्हणजे तिकडं नाही गेले.” ती कपाटाकडं गेली. आतली दुर्बिणीची चामड्याची पिशवी रिकामी होती. “बूट मुद्दाम ठेवून गेले. मला फसवायला.”

मग मलाही आठवलं. आज तिची शेवटची शर्यत होती. पायाची शीर धरायला लागली म्हणून तिला हंगाम संपायच्या आधीच घोड्यांची पैदास करणाऱ्या एका स्टड फार्मला देऊन टाकायची ठरली होती. आप्पांनी आईला शब्द दिला होता की पाहुण्यांच्या दिवशी जाणार नाही. शब्द देताना ते दुकानाच्या भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडं बघत होते.

“जा, घेऊन ये त्यांना,” आई म्हणाली. “लुना तुलाच येते. आणि पदर सांभाळ.”

“या साडीत?”

“मग काय हेडमास्तरांना मी सांगू, मुलीचा बाप घोड्याच्या शेपटीमागं उभा आहे म्हणून?”

निऱ्या गुडघ्यात दाबून मी लुना काढली. पूलगेटच्या सिग्नलला एका रिक्षावाल्यानं विचारलं, “ताई, लग्न घरात आहे की पळून चाललाय?” मी लुना तशीच पुढं काढली. मला आप्पांचा खरोखर राग आला होता. माझ्या आयुष्यातला एक दिवस, तोही त्यांना सोडवेना.

ते मला स्वस्त तिकिटाच्या बाजूला सापडले. पांढऱ्या कुंपणाला टेकून, डोळ्याला दुर्बीण. मेंबरांच्या आणि मालकांच्या बाजूला चपला चालत नाहीत, त्यामुळं घोडीचा मालक गर्दीत शेंगदाणे खात उभा होता.

“आप्पा.”

त्यांनी वळून पाहिलं. आधी माझी साडी पाहिली, मग माझं तोंड. “छान दिसतेस,” म्हणाले.

“घरी चला.”

“चलतो. हीच शर्यत आहे. दोन मिनिटांत संपते. ती काही जिंकायची नाही, बाळ. जिंकायची असती तर बूट घालून आलो नसतो का?”

हरणार म्हणून खात्री असलेल्या घोडीसाठी या माणसानं बायकोला दिलेला शब्द मोडला होता.

“मग बघायला तरी कशाला आलात?”

“शेवटचं पळणार ना ती,” आप्पा म्हणाले. “कुणीतरी घरचं नको का?”

माझा राग तिथंच निम्मा उतरला. उरलेला मी धरून ठेवला, कारण घरी जाऊन आईला तोंड द्यायचं होतं.

फाटकं उघडली. लाउडस्पीकरवरचा माणूस इंग्रजीत भराभर नावं घेऊ लागला. आमचं नाव सर्वांत शेवटी आलं. आप्पा दुर्बिणीतून बघत मला सांगत होते, “शेवटून दुसरी. ठीक आहे. शेवटून दुसरीच. पाय बरा टाकतेय. अगं, आतून घेतोय तो तिला.”

आदल्या दिवशीच्या पावसानं मैदान मऊ झालं होतं. वळणावर पुढच्या सगळ्या घोड्या चिखल चुकवायला बाहेरच्या बाजूला गेल्या. आमच्या जॉकीनं मात्र तिला कुंपणालगत त्या चिखलातूनच आत घातली. लाउडस्पीकरवाल्यानं तिचं नाव चौथं घेतलं. मग तिसरं.

आप्पांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. “तू बघ. मला नीट दिसेना.”

त्यांच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्या होत्या. अख्ख्या पेठेला स्वच्छ दिसावं म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला त्याची स्वतःची घोडी दिसत नव्हती. मी दुर्बिणीत पाहिलं. आमच्या जॉकीची जांभळी टोपी, घोडीची चिखलानं काळी झालेली छाती आणि कपाळावरची चांदणी तेवढी पांढरी. शेजारची दुसरी घोडी मागं मागं जायला लागली.

“काय झालं?” आप्पांनी विचारलं.

“पुढं आहे.”

“कुणाच्या?”

“सगळ्यांच्या,” मी म्हणाले. तोवर ती शेवटचा खांब ओलांडून गेली होती.

आप्पांनी शेंगदाण्याची पुडी शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातात दिली, माझं मनगट धरलं आणि मालकांच्या फाटकाकडं निघाले. तिथं एक मिशाळ पहारेकरी उभा होता. आप्पांना चांगला ओळखत होता.

“दळवीसाहेब, अभिनंदन,” तो म्हणाला. मग त्याची नजर खाली गेली. “साहेब, चपला.”

“अरे, घोडी माझी आहे.”

“घोडीला सोडतो साहेब. तिच्या पायात नाल आहेत.”

आप्पांनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी उभे राहिले. “आता? देवळात अनवाणी सोडतात.”

“देवळात सोडतात साहेब,” पहारेकरी बिचारा खालच्या आवाजात म्हणाला. “इथं माझी नोकरी जाईल.”

आतून चौबळ डॉक्टर धावत आले. बाकीचे दोघे मालक गावी गेलेले, त्यामुळं ते एकटेच होते. परिस्थिती बघताच त्यांनी एक बूट काढला. आप्पांनी पाय घातला, तो अर्ध्यातच अडकला. डॉक्टरांचा पाय त्यांच्या धंद्यासारखाच नाजूक. आप्पांनी जोर लावला, शिवण करकरली, आणि तिकडं घोडीची देखभाल करणारा साईस तिला घेऊन परत यायला लागलेला दिसला.

“डॉक्टर, तुम्ही जा,” आप्पा म्हणाले.

“छे. लगाम तुमचा ठरलाय. मी हात लावणार नाही.”

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्या नजरेचा अर्थ ओळखला आणि मान हलवली. “नाही आप्पा. मी तुम्हाला न्यायला आलेय.”

“नारायणपेठ आहे,” ते म्हणाले. “नारायणपेठेला कुणी अडवत नाही.” त्यांनी शर्टाच्या बटणाला अडकवलेला मालकाचा बिल्ला काढला आणि माझ्या पदराला टाचला. पिन बरोबर बसली. “मागचा डावा पाय आपल्या घरचा आहे. आपल्या घरातलं कुणीतरी हवं. उजव्या हातात धर. आणि घाई करू नकोस.”

मी गेले. माझ्या हातात लगाम आला तेव्हा ती घोडी भट्टीसारखी तापलेली होती आणि अंगातून वाफ निघत होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तोंड माझ्या खांद्यावर पुसलं. हिरवट फेस पदरावर उतरला. लोक टाळ्या वाजवत होते. मला काही ऐकू येत नव्हतं. मी कुंपणापलीकडं बघत होते. तिथं गर्दीतून वाट काढत, हातात चपला घेऊन, आप्पा आमच्या बरोबरीनं चालत होते. त्यांची पावलं माझ्याच पावलांच्या तालावर पडत होती, आणि उजवी मूठ त्यांनी लगाम धरल्यासारखी मिटलेली होती.

वाट एका ठिकाणी कुंपणाच्या अगदी जवळून जायची. तिथं मी थांबले.

“बाई, थांबायचं नसतं,” साईस म्हणाला.

“थांबायचंय,” मी म्हणाले.

आप्पांनी कुंपणावरून हात घालून तिच्या कपाळावरच्या चांदणीवर ठेवला. मी बाहेरून घरी आले की ज्या आवाजात विचारतात, त्याच आवाजात ते तिला म्हणाले, “आलीस बाळ?”

मग मला रडू आलं. फोटोवाल्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

घरी पोचलो तेव्हा जगदाळे मंडळी येऊन बसली होती. श्रीखंड अर्थातच राहिलं होतं. आईनं दारातच माझ्या पदरावरचा हिरवा डाग पाहिला आणि डोळे मिटून घेतले. पाहुण्यांना तिनं दुकानात अडलेलं गिऱ्हाईक आलंय म्हणून सांगितलं होतं.

“झालं का गिऱ्हाईकाचं काम?” हेडमास्तरांनी विचारलं.

आप्पा समोर बसले. त्यांनी आईकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. “गिऱ्हाईक नव्हतं,” म्हणाले. “रेसला गेलो होतो. माझी घोडी आहे. पुरती नाही, एक पाय. मुलगी मला न्यायला आली आणि माझ्यापायी तिला उशीर झाला. तिला बोल लावू नका.”

माझं लग्न मोडलं, असं मला स्पष्ट दिसलं. आणि एवढं होऊनही मला आप्पांचा राग येईना, याचंच नवल वाटत होतं.

हेडमास्तर रोखून बघत होते. आप्पाही त्यांच्याकडं रोखून बघायला लागले. मग हळूच म्हणाले, “मास्तर, रागावू नका, पण तुमची फ्रेम डावीकडं कलली आहे. डोकं दुखत असेल संध्याकाळी.”

“दुखतं,” हेडमास्तर नकळत बोलून गेले.

“द्या इकडं.”

आप्पांनी चष्मा घेतला, दांडी अंगठ्यानं दाबून किंचित वाकवली, धोतराच्या सोग्यानं काचा पुसल्या आणि स्वतः त्यांच्या कानांवर चढवला. मास्तरांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग आम्हा सगळ्यांना एकदा पाहिलं.

“जिंकली का?” त्यांनी विचारलं.

“जिंकली.”

“मग तुमचा चेहरा एवढा पडलेला का?”

मीच सगळं सांगितलं, चपलांपासून. चौबळ डॉक्टरांच्या बुटाशी आले तेव्हा उदयची आई पदरात तोंड लपवून हसायला लागली. उदयनं नेहमीप्रमाणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग एवढंच विचारलं, “भीती नाही वाटली?”

“कुणाला? मला की घोडीला?”

“घोडीला,” तो म्हणाला. आई खूश होऊन पोहे आणायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात घोडी गेली. तिला गाडीत चढवायला आप्पा बूट घालून गेले होते, पण तिथं बूट कुणी विचारत नाही. नंतर चौबळ डॉक्टरांनी फोटो आणून दिला. मी, घोडी, आणि मागं कुंपणाआड एका हातात चपला घेतलेला माणूस. आईनं फोटो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला.

“रडताहेत का हे?” तिनं विचारलं.

“नाही गं. घाम असेल.”

“बूट दारातच होते,” ती म्हणाली. “शब्द घेण्याऐवजी, जा, बूट घालून जा, म्हटलं असतं तर.” तिनं फोटो कपाटात ठेवला, दुर्बिणीच्या पिशवीजवळ.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. सकाळी मी गौरीहरापाशी बसले होते. खाली बँडचा आवाज आला. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन घोडीवरून कार्यालयाच्या दारात येत होता. गौरीहरावरून वधूनं उठू नये म्हणतात. मी उठले आणि खिडकीशी गेले.

फाटकापाशी आप्पा स्वागताचं ताट घेऊन उभे होते. पायांत काळे बूट, इतके चमकत होते की वरूनसुद्धा दिसावेत. आई शेजारी होती. घोडी समोर येऊन थांबली. पांढरी, लोकांच्या लग्नांतच म्हातारी झालेली, डोक्याला तुरा. आईनं आप्पांच्या हातातलं ताट काढून घेतलं. त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली.

आप्पांनी एकदा स्वतःच्या बुटांकडं पाहिलं. मग घोडीवाल्याकडं गेले आणि हात पुढं केला. तो गोंधळला, पण मुलीच्या बापाला नाही कोण म्हणणार? त्यानं लगाम दिला. आप्पांनी तो उजव्या हातात धरला, घोडीच्या मानेवर एक थाप दिली आणि तिला फाटकातून आत आणायला लागले. घाई न करता. मान ताठ, पावलं मोजून मापून. घोडीवर बसलेल्या उदयला काय चाललंय ते बरोबर कळलं असावं, कारण तो एखाद्या जॉकीसारखा पाठ सरळ करून बसला. चौबळ डॉक्टर सनईवाल्यांच्या डोक्यांवरून ओरडले, “दळवी, इकडं बघा,” आणि फोटो काढला. बँडवाले थांबले. वऱ्हाडी टाळ्या वाजवायला लागले. कशासाठी, ते निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

मी खिडकीत उभी राहून पोटभर रडले आणि हसले. मला गौरीहरावर परत बसवायला आई वर आली, तेव्हा मी तिला विचारलं, “आप्पांच्या कानात काय सांगितलंस?”

आई माझ्या मुंडावळ्या सारख्या करत होती.

“काय सांगायचंय,” ती म्हणाली. “म्हटलं, जा. आज बूट मी घातलेत तुमच्या पायांत.”